सिलिंडर सगळ्यात शेवटी

"किती एचपी काढलीस?"

टू-स्ट्रोक क्वाड घेतलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारला जातो. कुठे चालवतोस, कुठलं पेट्रोल घालतोस, गिअर किती वेळा पाडावा लागतो, हे कोणी विचारत नाही. मग तो बिचारा दोन-तीन महिने दम धरतो आणि एका रात्री कॅटलॉग उघडून "स्टेज थ्री ड्रॅग पोर्ट सिलिंडर" नावाची वस्तू मागवून मोकळा होतो. माझं सरळ म्हणणं आहे की हे सगळं उलटं चाललंय. सिलिंडर ही सगळ्यात शेवटी हात लावायची गोष्ट आहे. आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तर तिला हात लावूच नये.

आज शनिवार आहे, चहा झालाय, आणि मी भांडायच्या मूडमध्ये आहे. तेव्हा ज्यांना फक्त धुराचा वास आणि आवाज आवडतो त्यांनी खुशाल पुढच्या शनिवारी यावं.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण पुण्यात बसून वाचणाऱ्यांना हा काय प्रकार आहे ते कळणार नाही. यामाहा बॅन्शी ३५० हे चार चाकांचं धूड अमेरिकेत १९८७ ते २००६ या मॉडेल-वर्षांत विकलं गेलं. दोन सिलिंडर, पाण्यावर थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर, मागे चेन, आणि सुरू करायला चक्क किक. धुराचे नियम आवळत गेले आणि बॅन्शी गेली. आज रस्त्यावर, म्हणजे खरं तर वाळूत, जी दिसते ती प्रत्येक गाडी कमीत कमी दुसऱ्या-तिसऱ्या हातातली असते. इथे फिनिक्सच्या आसपास आपली जी पोरं चिप किंवा सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या करतात, त्यांच्यातल्या ज्यांना भारतात आरएक्स १०० चं वेड होतं, ती इथे आल्यावर हमखास बॅन्शीपाशी येऊन थांबतात. आयएट हायवेने युमा ओलांडलं की कॅलिफोर्नियात ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्या लागतात. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तिथे अक्षरशः जत्रा भरते. पंढरपूर म्हणत नाही, पण जेजुरी नक्की.

आता गंमत बघा. बॅन्शीचा बोअर ६४ मिलिमीटर आणि स्ट्रोक ५४ मिलिमीटर. हिशेब केला की ३४७ सीसी येतात. हे आकडे कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना ओळखीचे वाटले पाहिजेत, कारण राजदूत ३५० चे आकडे हेच होते! एस्कॉर्ट्सने १९८३ पासून भारतात बनवलेली ती गाडी म्हणजे यामाहाची आरडी ३५०, आणि बॅन्शीचं इंजिन त्याच खानदानातल्या पुढच्या, पाण्यावर थंड होणाऱ्या पिढीचं. (सिलिंडर एकमेकांना बसत नाहीत. विचारू नका, लोक विचारतात.) माझ्या काकांकडे राजदूत होती आणि घरात तिचा उल्लेख नेहमी "पेट्रोल पिणारी बया" असाच व्हायचा.

ही राजदूत माझ्या मुद्द्याच्या फार कामाची आहे. मूळची जपानी आरडी ३५० होती ३९ अश्वशक्तीची. भारतात आली तेव्हा हाय टॉर्क म्हणवणारी गाडी ३०.५ ची झाली, आणि पुढे अ‍ॅव्हरेज वाढावं म्हणून काढलेली लो टॉर्क २७ ची. बोअर तोच, स्ट्रोक तोच, सीसी तेच. इंजिनाने श्वास किती मोकळा घ्यायचा आणि किती मोकळा सोडायचा एवढंच बदललं, आणि ३९ चे २७ झाले. म्हणजे टू-स्ट्रोकमध्ये ताकद धातूत नसते, भोकांत असते. ती भोकं म्हणजेच पोर्ट. ज्याला हे कळलं त्याला लगेच वाटतं, की मग भोकं मोठी करा की! कानस घ्या आणि घासा!

इथेच घात होतो.

फोर-स्ट्रोक इंजिनात झडपा कधी उघडायच्या हे कॅमशाफ्ट ठरवतो. आवडला नाही तर कॅम बदलता येतो. टू-स्ट्रोकमध्ये कॅमच नाही. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या पाडलेल्या असतात आणि पिस्टन वर-खाली होताना त्या उघडतो, झाकतो. एक्झॉस्टची खिडकी वर असते, ट्रान्स्फरच्या तिच्या जरा खाली. खिडकीची वरची कड किती उंचीवर आहे, यावर ती कधी उघडणार ते ठरतं. थोडक्यात, टायमिंगचा अख्खा प्रोग्रॅम लोखंडात कोरून ठेवलेला आहे. त्याला अनडू नाही. बॅकअप नाही. घासलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही.

किती घासलं की काय होतं, हे आपण इंजिनियर लोकांनी तरी एकदा कागदावर मांडून बघायला हरकत नाही. स्ट्रोक ५४, म्हणजे क्रँकची त्रिज्या २७. कनेक्टिंग रॉड ११० मिलिमीटरचा. समजा एक्झॉस्ट एका फेरीत १९० अंश उघडा राहतो. म्हणजे पिस्टन वरच्या टोकापासून ८५ अंश फिरला की खिडकी उघडायला लागते, आणि तेव्हा पिस्टन साधारण २८ मिलिमीटर खाली आलेला असतो. त्या भागात क्रँकचा एक अंश म्हणजे पिस्टनचा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही थोडा कमीच प्रवास. तेव्हा खिडकीची कड एक मिलिमीटर वर नेली, की उघडताना दोन अंश आणि बंद होताना दोन अंश, असे चार अंश वाढले. दोन मिलिमीटर नेली की आठ. १९० चे १९८ झाले. दोन मिलिमीटर म्हणजे किती, तर दोन क्रेडिट कार्डं एकावर एक ठेवली तरी त्याहून कमी भरतील. एवढ्यात गाडीचा स्वभाव पार बदलतो.

आणि फुकट काहीच मिळत नाही. पिस्टन वर जाताना एक्झॉस्ट बंद झाल्यावरच खरं कॉम्प्रेशन सुरू होतं. आधी त्यासाठी २८ मिलिमीटर मिळत होते, आता २६. सात टक्के गेले. स्फोट झाल्यावर पिस्टनला खाली ढकलण्याचं अंतरही तेवढंच आखूड झालं. वरच्या आरपीएमला हे चालतं, कारण तिथे वेळच इतका कमी असतो की खिडकी जास्त अंश उघडी राहणं गरजेचं होतं. खालच्या आरपीएमला मात्र ताजं मिश्रण सरळ एक्झॉस्टमधून बाहेर पळतं. तुम्ही पेट्रोल जाळत नसता, ओतत असता.

मग यामाहाला हे माहीत नव्हतं का? चांगलंच माहीत होतं. म्हणून तर बॅन्शीच्या आधीच्या आरझेड ३५० मध्ये त्यांनी पॉवर व्हॉल्व्ह दिला होता. एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या कडेला फिरणारा एक दंडगोल, जो कमी आरपीएमला खिडकी ठेंगणी करतो आणि जास्त आरपीएमला उंच. दोन्ही जगांतलं बरं ते घ्यायची सोय. बॅन्शीत तो व्हॉल्व्ह नाही. स्वस्तात आणि साधं ठेवायचं म्हणून असेल, पण नाही. याचा अर्थ बॅन्शीची खिडकी जिथे कापाल तिथेच ती प्रत्येक आरपीएमला राहणार. आरझेडच्या मालकाला जे परवडतं ते बॅन्शीच्या मालकाला परवडत नाही. "त्या अमक्याने टू-स्ट्रोक बाइकला असं केलं आणि काय पळते राव" हे वाक्य म्हणूनच बॅन्शीला लागू पडत नाही. पण ऐकतो कोण!

आता पाइपाकडे वळू. एक्झॉस्टचा तो फुगलेला पाइप, ज्याला आपल्याकडे लोक सरसकट "रेसर सायलेन्सर" म्हणतात, तो आवाजासाठी नसतो. एक्झॉस्ट उघडला की दाबाची एक लाट पाइपातून पुढे जाते. पाइप रुंद होतो तिथून शोषणारी लाट परत येते आणि सिलिंडर रिकामा करायला मदत करते. पाइप पुन्हा अरुंद होतो तिथून दाबाची लाट परत येते, आणि बाहेर पळू पाहणारं ताजं मिश्रण खिडकी बंद व्हायच्या आत परत सिलिंडरमध्ये कोंबते. हे शास्त्र पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन नावाच्या इंजिनियरने १९५० च्या दशकात इतकं पुढे नेलं, की १९६१ मध्ये त्यांचं १२५ सीसीचं इंजिन २५ अश्वशक्तीला पोचलं होतं. लिटरला २०० चा हिशेब! त्याच वर्षी त्यांचा रेसर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीतून पळून पश्चिमेला गेला, तंत्र सोबत घेऊन सुझुकीकडे पोचला, आणि १९६२ मध्ये ५० सीसीचं जगज्जेतेपद सुझुकीवर बसून जिंकला. यावर कोणी सिनेमा का काढत नाही कळत नाही. असो.

मुद्दा असा, की ती लाट येऊन-जाऊन जो वेळ घेते तो पाइपाच्या लांबीवर आणि आतल्या गॅसच्या तापमानावर ठरतो. आपल्या भाषेत सांगायचं तर लेटन्सी जवळपास ठरलेली आहे. पण खिडकी उघडी राहण्याचा वेळ आरपीएमप्रमाणे बदलतो. ९००० आरपीएमला एक फेरी होते ६.७ मिलिसेकंदांत, म्हणजे १९० अंशांना मिळतात साडेतीन मिलिसेकंद. ६००० ला तेच १९० अंश म्हणजे ५.३ मिलिसेकंद. लाट साडेतीनच्या हिशेबाने बांधलेली असेल तर ६००० ला ती भलत्याच वेळी दारात येऊन उभी राहते. म्हणून पोर्ट आणि पाइप हे जोडीने निवडायचे असतात. एका दुकानातून पोर्टिंग, सेलमध्ये मिळाला म्हणून दुसरीकडचा पाइप, आणि मित्राने दिलेले कार्बोरेटर, असा संसार टिकत नाही. पत्रिका जुळवायचीच असेल तर इथे जुळवा.

आता मला राग कशाचा येतो ते सांगतो. "स्टेज" या शब्दाचा. स्टेज वन, स्टेज टू, स्टेज थ्री. जणू काही ही इयत्ता आहे आणि प्रत्येकाने वरच्या वर्गात गेलंच पाहिजे! ड्यून पोर्ट, ट्रेल पोर्ट, ड्रॅग पोर्ट यांत लहान-मोठं काही नाही, ती वेगवेगळ्या कामांची वेगवेगळी अवजारं आहेत. पण "स्टेज" म्हटलं की स्टेज वनवाला नापास झाल्यासारखा वाटतो. हा शब्द मोटरींच्या शास्त्रातून आलेला नाही, विक्रीखात्यातून आलाय. आणि त्याच्या जोडीला डायनोचा कागद. कागदावर एकच आकडा ठळक छापलेला असतो, सर्वांत उंच टोकाचा. अहो, आपण रोज ऑफिसात ओरडत असतो ना, की बेंचमार्कमधला कमाल आकडा दाखवू नका, खऱ्या लोडखाली काय होतं ते दाखवा? तेच आपण शनिवारी-रविवारी कमाल आकड्यावर भाळून चार आकडी डॉलर मोजतो.

हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. टॉर्क तितकाच ठेवून तो जास्त आरपीएमला ढकलला तरी आकडा वाढतो. कागदावरचा डोंगर उंच होतो, पण त्याचा पायथा आक्रसतो. गाडी चालवताना तुम्ही त्या शिखरावर किती क्षण असता? सपाट वाळूवर तीनशे फुटांची सरळ शर्यत लावणारा असाल तर जवळपास सगळा वेळ. तेव्हा ड्रॅगवाल्यांशी माझं भांडण नाही. त्यांना काय हवंय ते त्यांना माहीत असतं. दर फेरीनंतर ते इंजिन उघडून बघतात, ११० ऑक्टेनचं पेट्रोल पिंपाने आणतात, आणि फुटलं तर रडत नाहीत. भांडण आहे ते त्या आपल्या माणसाशी, जो महिन्यातून एकदा दोन मित्रांबरोबर टेकड्या चढायला जातो, वाटेतल्या पंपावरचं ९१ ऑक्टेन भरतो, आणि सिलिंडर मात्र ड्रॅगचा लावतो.

असा एक मित्र आहे माझा, सांगलीचा. नाव सांगत नाही, त्याने मला पोहे करून घातलेत. त्याने एका दुकानातून पोर्ट केलेले सिलिंडर घेतले. दुकानदाराने त्याला फोनवर एकच प्रश्न विचारला: कार्ड कुठलं? पुढच्या ट्रिपला आम्ही ग्लॅमिसला गेलो. सपाटीवर गाडी खरोखर भन्नाट पळाली, मी खोटं बोलणार नाही. मग टेकडी आली. वाळू म्हणजे काय प्रकार आहे हे ज्याने चालवलं नाही त्याला सांगणं अवघड आहे. चढणीवर वाळू चाकाला मागे ओढते, वेग सोडलात की संपलं. अर्ध्या चढावर याचे फेरे जरा पडले, आणि पडले ते गेलेच. क्लच दाबून रेस दिली की गाडी एकदम पेटते, पुढची चाकं हवेत. सोडलं की पुन्हा मेलेली. मधलं काही नाहीच. त्याच टेकडीवर एक साठीचे गृहस्थ कंपनीच्या मूळ सिलिंडरवरची बॅन्शी घेऊन शांतपणे वर गेले, वरून खाली बघितलं आणि हात केला. मित्र आडवा झालेला. मागून येणाऱ्याला तो दिसावा म्हणून उंच झेंड्याची काठी गाडीवर असते, ती सक्तीची आहे आणि ती का आहे हे मला त्या दिवशी नीट समजलं. टेकडीच्या पलीकडून येणाऱ्याला अलीकडे कोण अडकलंय ते दिसत नाही. बंद पडलेली गाडी ही तिथे नुसती फजिती नसते.

त्या गाडीला काय करायला हवं होतं? उत्तर इतकं साधं आहे की कॅटलॉगात ते पहिल्या पानावर छापत नाहीत. पुढचं १४ दातांचं स्प्रॉकेट काढून १३ चं लावायचं. १४ भागिले १३, म्हणजे चाकावर जवळपास आठ टक्के जास्त ओढ, प्रत्येक गिअरमध्ये, प्रत्येक आरपीएमला. कमाल वेग तेवढा कमी होईल, पण टेकडीवर तो कोणाला हवाय! खर्च एका कुटुंबाच्या थाळीएवढा. आवडलं नाही तर संध्याकाळी परत १४ चं. याला म्हणतात अनडू.

आणि त्याच्याही आधी एक गोष्ट. तुम्ही घेतलेली गाडी वीस-पंचवीस वर्षं जुनी आहे. तिचं इंजिन हवाबंद आहे का हे कोणी तपासलंय? टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. क्रँकचं सील किंवा इनटेकचं रबर कुठे फाटलं असेल तर तिथून हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि सिलिंडरला चिकटतो. तपासायची रीत सोपी आहे. एक्झॉस्ट आणि इनटेक बुचांनी बंद करायचे, सहा पीएसआय हवा भरायची, आणि सहा मिनिटं काटा बघत बसायचं. हललाच नाही पाहिजे. नळाचं सामान मिळतं त्या दुकानातून बुचं, पाइप आणि एक प्रेशर गेज आणून घरी करता येतं. सहा मिनिटं! आपण बिल्ड व्हायची वाट बघत याहून जास्त वेळ घालवतो. तरी नवे सिलिंडर चढवणाऱ्यांना विचारा, ही टेस्ट केली का. उत्तर येतं, "अरे, नवीन सिलिंडर आहेत रे." अरे बाबा, सील जुनं आहे ना!

यानंतर जेटिंग. मूळ बॅन्शीला २६ मिलिमीटरचे दोन मिकुनी कार्बोरेटर येतात, आणि पाइप किंवा एअर फिल्टर बदलला की जेट बदलावेच लागतात. ग्लॅमिस जवळजवळ समुद्रसपाटीला, फ्लॅगस्टाफ २१०० मीटरवर. वरच्या विरळ हवेसाठी बसवलेले बारीक जेट घेऊन खाली थंड सकाळी फुल्ल थ्रॉटल दिलात तर पिस्टनला भोक पडल्याशिवाय राहणार नाही. हे काम कंटाळवाणं आहे, हाताला पेट्रोल लागतं, फोटो काढण्यासारखं यात काही नाही. म्हणून कोणी करत नाही. मग पाइपांची जोडी, तीही मधल्या आरपीएमला ओढणारी. मग रीड. मग हेडमधले घुमट बदलून कॉम्प्रेशन थोडं वाढवणं, पण ९१ ऑक्टेनला झेपेल एवढंच. कॉम्प्रेशन वाढवून पंपाचं पेट्रोल घातलं आणि लांबलचक चढावर इंजिन ताणलं, की डिटोनेशन. आवाज फारसा येत नाही. कळतं तेव्हा पिस्टनची कड चघळल्यासारखी झालेली असते.

यातली प्रत्येक गोष्ट परत फिरवता येते. हे सगळं झाल्यावर दोन ट्रिपा करा. तरीही वाटलं की अमुक आरपीएमला अमुक कमी पडतंय, तरच पोर्टचा विषय काढा. अमुक आरपीएमला, हे शब्द महत्त्वाचे. "अजून पाहिजे" ही काही रिक्वायरमेंट झाली नाही. क्लायंट असं बोलला की आपण मीटिंगनंतर त्याच्यावर हसतो.

बाजारात मिळणाऱ्या मोठ्या सिलिंडरांबद्दल बोलायचं राहिलं. ६८ मिलिमीटर बोअरचे सिलिंडर आणि स्ट्रोक चार मिलिमीटरने वाढवलेला क्रँक घेतला की ४२१ सीसी होतात, हिशेब करून बघा. एक मान्य करतो. ज्याला खरंच जास्त ताकद हवी आहे त्याने मूळ सिलिंडर कापण्यापेक्षा हे घ्यावं. सीसी वाढल्याने टॉर्क खालपासून वाढतो, पोर्ट अति उंच न नेताही. आणि मूळचे सिलिंडर कापडात गुंडाळून कपाटात राहतात. पण मग बिल सिलिंडरवर थांबत नाही. टू-स्ट्रोकचा क्रँक तुकडे दाबून बसवलेला असतो, जास्त ताकदीला तो आपल्या पिनांवर फिरतो, म्हणून वेल्ड केलेला क्रँक. क्लच सुटतो, म्हणून क्लच. कार्बोरेटर लहान पडतात, म्हणून कार्बोरेटर. इंजिन तापतं, म्हणून मोठा रेडिएटर. ज्याच्याकडे या सगळ्याचे पैसे एकदम नाहीत, त्याने पहिला तुकडाही घेऊ नये. अर्धवट अपग्रेड केलेलं इंजिन मूळच्या इंजिनापेक्षा वाईट असतं, हे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना मी काय सांगू.

"पण छंद म्हणजे छंद, त्यात एवढा हिशेब कशाला?" असं एकाने मला ऐकवलं. हिशेब यासाठी, की लोखंड मोजकं आहे. कंपनीने ओतलेले मूळ सिलिंडर आता नव्याने येत नाहीत. लायनर जरा झिजला तर एक-दोनदा बोअर मारून वाचवता येतो, पण कोणीतरी हौसेने कानस मारून एक्झॉस्ट इतका रुंद केला की पिस्टनची रिंगच खिडकीत डोकावून अडकायला लागली, तर तो सिलिंडर गेला. रुंदी बोअरच्या पासष्ट-सत्तर टक्क्यांपलीकडे नेऊ नये, एवढं साधं पथ्य असतं. आपल्याकडे आरएक्स १०० चं हेच केलं. ५० बाय ५० चं सुंदर, मधल्या आरपीएमला पिकअप देणारं इंजिन. गल्लोगल्ली कानशी चालल्या, "१३५ लावून देतो" झालं. आज धडधाकट मूळ सिलिंडरची आरएक्स शोधायला निघालात तर मालक लग्नातल्या वरपित्यासारखा बोलतो. बॅन्शीचं इथे तेच चाललंय, फक्त डॉलरमध्ये.

आणि इंजिन जाम होतं तेव्हा मागची चाकं जाम होतात. हात क्लचवर नसेल तर पुढे काय होतं ते मी इथे लिहीत नाही, घरचेही वाचतात.

दुकानदारांनाही एक सांगणं आहे. सगळे लबाड नाहीत, काही तर अक्षरशः कलाकार आहेत. पण माल विकताना आकडे द्या ना! एक्झॉस्ट किती अंश, ट्रान्स्फर किती अंश, दोन्हींच्या मध्ये अंतर किती, कुठल्या पाइपासाठी, कुठल्या पेट्रोलसाठी. "आमचं सिक्रेट पोर्टिंग" म्हणजे काय? सिलिंडर हातात आला की कोणीही डिग्री व्हील लावून दहा मिनिटांत ते सिक्रेट मोजू शकतो. लपवायचं काहीच नसतं, बहुतेक वेळा मोजलेलंच नसतं.

त्या सांगलीकराने शेवटी काय केलं विचाराल, तर ते ड्रॅगचे सिलिंडर सपाटीवर पळणाऱ्या एकाला निम्म्या किमतीत विकले आणि कोणाच्या तरी गॅरेजातून कधीही न घासलेली मूळ जोडी मिळवली. पहिला बोअर मारून झालाय, पिस्टन आलेत, सहा पीएसआयची टेस्ट पुढच्या शनिवारी माझ्या पार्किंगमध्ये आहे. बुचं माझ्याकडे आहेत. पोहे तो आणतोय.